फाइल तीच आहे ना?

"थंब घेत नाही, आजी. मशीन नवीन आहे, थोडं थांबा."

देवळाली प्रवराच्या बाजारपेठेतलं हे एक सेवा केंद्र. आठ बाय दहाची खोली, दोन संगणक, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं यंत्र. बाहेरच्या बाकावर उत्पन्नाच्या दाखल्याला आलेली, पीएम किसानची केवायसी राहिलेली, आधारवर पैसे काढायला आलेली माणसं बसली होती. आजींनी बोट पदराला पुसून पुन्हा काचेवर टेकवलं. काहीच झालं नाही. आधारसाठी अंगठा घेणारी जुनी एल-झिरो यंत्रं मागे पडली आणि त्यांच्या जागी एल-वन यंत्रं आली. यंत्र पोचलं होतं, पण त्याचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर संगणकावर बसायचं बाकी होतं.

केंद्र चालवणाऱ्या तरुणानं गुगलवर यंत्राचं नाव टाकलं. वरच्या दोन ओळी जाहिरातीच्या. खाली तीन-चार ब्लॉग, प्रत्येकावर हिरवं मोठं डाउनलोडचं बटण. मग एक व्हिडिओ, ज्याच्या खाली कुणाच्या तरी ड्राइव्हची लिंक आणि झिप फाइलचा पासवर्ड. कंपनीची स्वतःची साइट यादीत होती, पण ती उघडायला वेळ लावत होती आणि बाहेर रांग होती. त्यानं व्हिडिओखालची लिंक दाबली.

"ही फाइल कंपनीचीच आहे हे कसं कळतं?" मी विचारलं.

"चालली म्हणजे बरोबर, सर."

या अंकाचा विषय संपादकांनी 'विश्वास' असा दिला, तेव्हा माणसामाणसांतल्या विश्वासावर लिहिणारे पुष्कळ असतील असं वाटलं. मला बघायचा होता एका मुक्या वस्तूवरचा विश्वास. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल ज्यानं बनवली त्याच्याकडून निघाली तशीच आपल्यापर्यंत पोचली, असं आपण रोज कशाच्या जोरावर धरून चालतो? त्यासाठी पुण्या-मुंबईपेक्षा राहुरी तालुक्यातलं हे गाव बरं वाटलं. ऊस, कांदा आणि प्रवरेच्या कालव्याचं पाणी यांच्यावर उभी नगरपरिषद, तिच्या हद्दीत राहुरी फॅक्टरीची वसाहत. इथे घरोघरी संगणक नाही, पण संगणकाशिवाय कुणाचं पानही हलत नाही. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, गॅसची सबसिडी, सगळं मूठभर काउंटरांवरून जातं. त्या काउंटरवरच्या एका यंत्रात चुकीची फाइल शिरली, तर नुकसान एका माणसाचं होत नाही. बाकावर बसलेल्या सगळ्यांचं होऊ शकतं.

'चालली म्हणजे बरोबर' या उत्तराची अडचणही तीच आहे. बिघडवलेली फाइल चालते. तिला चालावंच लागतं. ड्रायव्हर बसतो, अंगठा घेतला जातो, आजींना पैसे मिळतात आणि सोबत आलेलं दुसरं काहीतरी मागे शांतपणे बसून राहतं. आरडी सर्व्हिसची रचना अशी आहे की बोटाचा ठसा यंत्रातच कुलूपबंद होऊन पुढे जावा, मधल्या संगणकाला तो उघडा दिसू नये. ही तजवीज चांगली आहे. पण त्याच संगणकावर टाइप होणारे पासवर्ड, स्कॅन होणारी बँक पासबुकं आणि टेबलावर उघडी पडलेली आधारची छायाप्रत यांना ते कुलूप नाही. झिपला पासवर्ड लावण्यामागेही कारण असतं. पासवर्ड असलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही.

पेनड्राइव्हचा रस्ता

राहुरी फॅक्टरीच्या बाजूला संगणक दुरुस्तीची दुकानं आहेत. 'विंडो टाकून देतो' हे तिथलं सर्वांत जास्त विकलं जाणारं काम. एका दुकानदारानं ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढला आणि त्यातली फोल्डरं दाखवली. विंडोज, ऑफिस, प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी फाँट, पीडीएफ जोडायचं सॉफ्टवेअर, आणि 'अ‍ॅक्टिव्हेटर' नावाचं एक फोल्डर. हे सगळं कुठून आलं, या प्रश्नाला त्यांच्याकडे प्रामाणिक उत्तर होतं. श्रीरामपूरच्या मित्राकडून घेतलं, त्यानं कुणाकडून घेतलं ते माहीत नाही.

गावाकडे सॉफ्टवेअर याच रस्त्यानं पसरतं. नेट मंद असताना पाच-सहा जीबीची फाइल पुन्हा पुन्हा उतरवणं कुणाला परवडणार? पण या रस्त्यात एक गोष्ट गळून पडते, जिची बहुतेकांना कल्पना नसते. ब्राउझरनं फाइल उतरवली की विंडोज तिच्यावर 'ही इंटरनेटवरून आली आहे' अशी अदृश्य चिठ्ठी चिकटवते. ती चिठ्ठी असते म्हणून अनोळखी फाइल उघडताना निळी सूचना येते आणि विंडोज एकदा विचारते. पेनड्राइव्ह सहसा ज्या पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात, त्यात ही चिठ्ठी ठेवायला जागाच नसते. फाइल पेनड्राइव्हवर गेली की चिठ्ठी जाते, आणि पुढच्या संगणकावर तीच फाइल घरातली असल्यासारखी विनातक्रार उघडते.

अ‍ॅक्टिव्हेटरबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे. पैसे न भरता विंडोज चालू करून देणाऱ्या या फायलींबरोबर जवळजवळ नेहमी एक सूचना येते: आधी अँटिव्हायरस बंद करा. अशा फाइलची शहानिशा करायची कोणतीही पद्धत जगात नाही, कारण 'ही माझी' म्हणून पुढे येणारा कुणी नाही. मूळ प्रतच नसेल तर नक्कल कशाशी ताडायची? दुकानदारांनी मान हलवली. गिऱ्हाईक पाचशे रुपयांच्या वर द्यायला तयार नसतं, हे त्यांचं म्हणणंही खरं होतं. त्यांना लिब्रे ऑफिस दाखवलं. फुकट आहे, कायदेशीर आहे, मराठीतही आहे. लग्नपत्रिकेचा मजकूर, अर्ज, हिशेबाचा तक्ता यांच्यासाठी ते पुरेसं आहे.

दुरुस्तीच्या दुकानांना कमी लेखायचं मुळीच कारण नाही. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत संगणकांकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत फ्लॉपीवरून शिरलेले व्हायरस सापडू लागले, तेव्हा भाऊ संजय यांनी ते काढणारी साधनं लिहिली. नव्वदीच्या दशकातल्या त्या कामातून क्विक हील उभी राहिली. आजार दुकानाच्या टेबलावर आधी दिसतो. इलाजही तिथूनच सुरू होऊ शकतो, असं मला वाटतं.

चौसष्ट अक्षरं

दुकानातल्याच संगणकावर आम्ही करून बघितलं. व्हीएलसी हा व्हिडिओ बघायचा प्लेअर त्याच्या मूळ साइटवरून उतरवला. त्या पानावर डाउनलोडच्या तपशिलात शा-२५६ असं लिहून पुढे आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ दिलेली असते. शून्य ते नऊ हे आकडे आणि इंग्रजी ए ते एफ ही अक्षरं, मिळून चौसष्ट. याला हॅश म्हणतात, कुणी चेकसम म्हणतात.

संगणक अख्खी फाइल पहिल्या बिटपासून शेवटच्या बिटपर्यंत वाचतो, ठरलेल्या गणितातून तिला दळून काढतो आणि शेवटी ही चौसष्ट अक्षरं हातात देतो. फाइल एक पानाची असो की सहा जीबीची, अक्षरं चौसष्टच. जगात कुठेही, कुठल्याही यंत्रावर, तीच फाइल असेल तर तीच अक्षरं. आत एक बिट जरी बदललं तरी सगळी माळ ओळखू न येण्याइतकी बदलते. उलटा प्रवास शक्य नाही. माळेवरून फाइल बनवता येत नाही, आणि हवी ती माळ येईल अशी दुसरी फाइल ठरवून बनवणं आज कुणालाही जमलेलं नाही. शक्य असलेल्या माळांची संख्या ७८ अंकी आहे.

दुकानात सेव्हन-झिप होतंच. फाइलवर उजवं बटण दाबलं, यादीत सीआरसी-शा असा पर्याय होता, त्यातून शा-२५६ निवडलं. काही सेकंदांत खिडकीत माळ आली. सेव्हन-झिप नसेल तरी अडत नाही. विंडोजच्या काळ्या कमांड खिडकीत सर्टयुटिल नावाची आज्ञा मुळातच असते. तिला 'हॅशफाइल' हा पर्याय, फाइलचं नाव आणि शा-२५६ एवढं सांगितलं की तेच उत्तर येतं. लिनक्स आणि मॅकवरही अशा आज्ञा आधीपासून असतात. तपासायचं साधन अनोळखी जागेवरून उतरवायची गरजच नाही, हे नवख्या माणसाला आधी सांगावं. नाहीतर तपासणीच्या नावाखाली तो आणखी एक संशयित फाइल घरात आणतो.

दुकानात काम शिकणारा एक मुलगा दोन्ही माळा बोटानं ताडू लागला. पहिली सहा अक्षरं जुळली, शेवटची चार जुळली. "बरोबर आहे." इथेच माणसं चुकतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली चाळीस जणांना बसवून फायली तपासायला लावल्या होत्या. हातानं आणि डोळ्यांनी माळा ताडणं किती कटकटीचं आहे आणि त्यात चूक कशी निसटते, हे त्यात दिसलं. हे काम ब्राउझरनं आपणहून करावं, असं त्या संशोधकांनी सुचवलं आणि तसं साधनही बनवून दाखवलं. ते घरोघरी पोचेपर्यंत एक सोपी युक्ती आहे. आपल्या संगणकानं काढलेली माळ कॉपी करायची, मूळ साइटच्या पानावर कंट्रोल आणि एफ दाबून शोधायच्या चौकटीत पेस्ट करायची. पानावरची माळ रंगून उठली तर जुळली. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असला तरी शोध चालतो. डोळ्यांना कामच उरत नाही. मुलानं केलं, माळ पिवळी झाली.

मग त्यानं आपणहून फाइलचं नाव बदललं आणि पुन्हा माळ काढली. तीच. नवख्यांना याचं नेहमी नवल वाटतं. नाव हे बाहेरचं कव्हर आहे, हॅश आतल्या मजकुराचा. म्हणून फाइलचं नाव अगदी बरोबर असणं हा कसलाच पुरावा नाही. नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून एक पूर्णविराम खोडला, तेव्हा मात्र माळ पूर्ण पालटली. त्यानं एक रिकामी फाइलही तपासली. तिची माळ ई३बी०सी४४२ अशी सुरू झाली. जगातल्या प्रत्येक रिकाम्या फाइलची माळ अशीच सुरू होते. कधी डाउनलोड केलेल्या फाइलचा हॅश असा सुरू होताना दिसला, तर समजावं की फाइल उतरलीच नाही.

पेनड्राइव्हवरच्या विंडोजची माळ मायक्रोसॉफ्टच्या पानावरच्या माळेशी जुळली नाही. दुकानदारांचा चेहरा उतरला. पण न जुळणं म्हणजे लगेच व्हायरस नव्हे. मायक्रोसॉफ्टचं पान चालू आवृत्तीच्या माळा दाखवतं, आणि भाषेनुसारही त्या वेगळ्या असतात. पेनड्राइव्हवरची आवृत्ती जुनी होती. तिच्याबद्दल एवढंच म्हणता येतं की ती खरी आहे याचा पुरावा आपल्या हातात नाही. कधी वीज जाते, नेट तुटतं, फाइल अर्धवट राहते. कधी स्वस्तात घेतलेला मोठ्या क्षमतेचा नकली पेनड्राइव्ह फाइल घेतल्याचं दाखवतो आणि आत कचरा साठवतो. म्हणून पहिला उपाय घाबरणं नाही. आकार बघायचा, मूळ जागेवरून पुन्हा उतरवायची, पुन्हा ताडायची. तरीही जुळलं नाही तर ती फाइल उघडायची नाही.

लेबल कुणी शिवलं

हॅशचं गणित समजावताना त्या शिकाऊ मुलाचे वडील येऊन उभे राहिले. तीन एकर ऊस, थोडा कांदा, रब्बीला हरभरा. ते म्हणाले, "म्हणजे बियाण्याच्या पिशवीचं लेबल."

राहुरीला १९६८ साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, आणि या पट्ट्यातला शेतकरी बियाण्याच्या बाबतीत सहजी फसत नाही. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळं लेबल, पायाभूतला पांढरं, प्रमाणितला निळं, कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर विकते त्या सत्यप्रत बियाण्याला हिरवं. प्रमाणित बियाण्याचं लेबल पिशवीच्या शिवणीतच जातं आणि सील लागतं, म्हणजे पिशवी उघडली की खूण तुटणार. लॉट नंबर बघायचा, तारीख बघायची, पावतीवर लॉट नंबर लिहून घ्यायचा, लेबल जपून ठेवायचं. अलीकडे केंद्र सरकारच्या 'साथी' पोर्टलमुळे क्यूआर कोडवरून बियाणं कुठून कुठे गेलं तेही बघता येतं. दाणा बघून वाण ओळखता येत नाही, म्हणूनच ही व्यवस्था उभी राहिली.

मला शब्दांत न सापडलेला नेमका मुद्दा त्यांच्या तुलनेनं सापडला. पिशवीवर लेबल आहे एवढ्यानं भागत नाही, ते कुणी लावलं हा खरा प्रश्न असतो. ज्या ब्लॉगवरून फाइल घेतली त्याच ब्लॉगवर हॅशही दिलेला असेल, तर तो हॅश जुळणारच. भेसळ करणारा स्वतःच्या पिशवीला स्वतःच लेबल लावतो. हॅश सांगतो की तुमची फाइल आणि त्यांची फाइल एकच आहे. 'ते' कोण, हे तो सांगत नाही. म्हणून माळ नेहमी बनवणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवरून घ्यायची, फाइल मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेली असली तरी चालेल. उलट तेव्हाच हॅशचा खरा उपयोग होतो. सहा जीबीची फाइल कुठूनही येऊ दे, चौसष्ट अक्षरं तेवढी मूळ घरून आणायची. मंद नेटच्या गावाला याहून सोयीचं काय असणार?

मोठ्यांच्याही घरी

बनवणाऱ्याचं घरच फोडलं गेलं तर? असं घडलेलं आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय प्रणालीची साइट फोडून कुणीतरी डाउनलोडची लिंक आपल्या सर्व्हरकडे वळवली. त्या दिवशी सिनॅमन आवृत्ती उतरवणाऱ्यांना मागचं दार उघडं असलेली प्रत मिळाली. हल्लेखोरानं नंतर एका पत्रकाराला सांगितलं की साइटवरचा हॅशही आपण बदलला होता. फाइल आणि लेबल एकाच कपाटात ठेवल्याचा हा परिणाम.

पुढच्या वर्षी, २०१७च्या मे महिन्यात, मॅकवर व्हिडिओ रूपांतरित करणाऱ्या हँडब्रेकच्या दोन डाउनलोड सर्व्हरपैकी एकावर असाच घाला पडला. दुसरा सर्व्हर शाबूत होता. खरे हॅश वेगळ्या जागी प्रसिद्ध होते, त्यामुळे ताडून बघणाऱ्याला फरक दिसला असता. पॅनिक या अमेरिकी कंपनीच्या संस्थापकांपैकी एकानं ती फाइल न ताडता बसवली आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड चोरीला गेला. सॉफ्टवेअर बनवण्यातच ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या हातून हे झालं. सेवा केंद्रातल्या तरुणाला दोष देण्याआधी हे लक्षात ठेवावं.

यावरचा उपाय म्हणजे डिजिटल सही. बनवणारा आपल्याजवळच्या गुप्त किल्लीनं फाइलच्या हॅशवर सही करतो. साइट फोडली तरी किल्ली हाती लागत नाही, त्यामुळे खोटी फाइल सहीसकट ठेवता येत नाही. सहीसुद्धा अभेद्य नाही. त्याच २०१७ मध्ये संगणक साफ करणाऱ्या सीसीक्लीनर या सॉफ्टवेअरची बिघडलेली आवृत्ती कंपनीच्या अस्सल सहीनिशी बाहेर पडली, कारण हल्लेखोर कारखान्याच्या आतच शिरले होते. सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती गेली. हॅश जुळला असता, सही खरी ठरली असती.

जुन्या पद्धतीही कालबाह्य होतात. एमडी-५ या हॅशला चिनी गणितज्ञ वांग श्याओयुन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली तडा दिला. शा-१ची २०१७ मध्ये तीच गत झाली. ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेनं आणि गुगलनं एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ जगाला दाखवल्या. अर्धवट डाउनलोड ओळखायला एमडी-५ अजून पुरतं, पण मुद्दाम केलेल्या भेसळीविरुद्ध शा-२५६ मागावं.

मराठी टायपिंगची पोरकी फाइल

गावातल्या टायपिंग क्लासमध्ये याच प्रश्नाचं आपलं असं, मराठी रूप बघायला मिळालं. गुगलचं विंडोजवर ऑफलाइन चालणारं मराठी इनपुट अनेकांच्या हाताला बसलेलं आहे. इंग्रजीत उच्चार टाइप केला की देवनागरी उमटते. गुगलनं ते डाउनलोड बंद करून बरीच वर्षं झाली. पण मागणी संपली नाही, त्यामुळे ती फाइल आता ब्लॉग, ड्राइव्ह आणि पेनड्राइव्ह यांवरून फिरते. मूळ घर बंद, हॅश विचारायला कुणी नाही.

इथे सही कामाला येते. फाइलवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, आणि त्यात 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब. टॅबच नसेल तर फाइल बाजूला ठेवायची. टॅब असेल तर यादीतल्या नावावर थांबायचं नाही, कारण फाइल बिघडवली तरी नाव तसंच दिसू शकतं. डिटेल्स उघडून सही वैध असल्याचं वाक्य वाचायचं, आणि सही करणारा गुगलच आहे ना ते बघायचं. घर बंद पडलं तरी सही फाइलबरोबर राहते. क्लासच्या मॅडमनी आपल्या पेनड्राइव्हवरची फाइल लगेच तपासायला घेतली.

मी त्यांना आणखी एक सुचवलं, आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मे २०१९च्या विंडोज १० अद्ययावतीकरणापासून मराठीचा उच्चारानुसारी कीबोर्ड विंडोजमध्येच आलेला आहे. भाषेच्या सेटिंगमधून तो चालू करायचा, काहीही उतरवायचं नाही. जी फाइल आणावीच लागत नाही, तिची शहानिशाही करावी लागत नाही.

हातातला फोन

गावातली बहुतेक माणसं आयुष्यात कधी हॅश काढणार नाहीत. त्यांचं डाउनलोड फोनवर होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एपीकेच्या, म्हणजे अ‍ॅप बसवायच्या फाइलच्या रूपात. कधी लग्नपत्रिका, कधी वाहतुकीचा दंड, कधी पीएम किसानची लाभार्थी यादी, कधी बँकेची केवायसी. वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येणार असतील आणि हप्ता अडला असेल, तर त्या नावाच्या फाइलवर बोट पडणारच. आत गेल्यावर ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि ओटीपी परस्पर जातात.

ई-पीक पाहणीचं उदाहरण इथल्या शेतकऱ्यांनीच काढलं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतःच्या फोनवरून पिकाची नोंद करू लागला. ही फार चांगली गोष्ट आहे. पण मुदत जवळ आली, सर्व्हर मंदावला, अ‍ॅपची नवी आवृत्ती लागली की गावाच्या गटात 'हे चालतंय' म्हणून कुणीतरी फाइल टाकतं. टाकणाऱ्याचा हेतू मदतीचाच असतो.

अँड्रॉइडमध्ये एक चांगली सोय आहे. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची सही असते आणि जुन्या अ‍ॅपवर नवी आवृत्ती बसवताना दोन्ही सह्या एकाच किल्लीच्या आहेत का, हे फोन स्वतः तपासतो. बिघडवलेली प्रत अस्सल अ‍ॅपवर बसतच नाही, फोन नकार देतो. म्हणून 'आधी जुनं अ‍ॅप काढून टाका, मग हे टाका' असा निरोप आला की तिथेच थांबावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुगलनं भारतात प्रायोगिक पातळीवर आणखी एक अडसर आणला. ब्राउझर किंवा व्हॉट्सअ‍ॅपसारख्या ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप एसएमएस, सूचना किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर प्ले प्रोटेक्ट ही फोनमधली गुगलची पहारा यंत्रणा ते बसवू देत नाही. त्यावरही निरोप येतो: प्ले प्रोटेक्ट बंद करा. अ‍ॅक्टिव्हेटरवाल्याची अँटिव्हायरसबद्दलची सूचना आणि ही सूचना सख्ख्या बहिणी आहेत.

फोनसाठी माझा आग्रह सरळ आहे. अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच, आणि तिथेही नावाखाली प्रकाशकाचं नाव वाचून. त्यात शासनाचं काम आहे, जे शासन अजून मनावर घेत नाही. प्रत्येक योजनेच्या पत्रकावर अ‍ॅपचं नाव मोठ्या अक्षरात असतं. प्रकाशकाचं नेमकं नाव मी शोधूनही फारसं कुठे छापलेलं बघितलं नाही. तलाठी कार्यालयाच्या फळ्यावर ती एक ओळ लिहिली तर शेकडो फोन वाचतील.

शिकवायचं कुणाला

गावातल्या सगळ्यांना हॅश शिकवायचा अट्टहास मला पटत नाही. शिकवायचं ते गावाला फाइल पुरवणाऱ्यांना. सेवा केंद्रं, दुरुस्तीची दुकानं, टायपिंग आणि संगणकाचे क्लास, झेरॉक्सवाले, शाळेतले संगणक शिक्षक. देवळालीसारख्या गावात अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यांनी एकदा अस्सल प्रत आणली, ताडली, तारीख लिहून ठेवली, की तिच्या शेकडो नकला निर्धास्त होतात. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमातून २००१ पासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतली मुलं माउस धरायला शिकली. वर्गातल्या एका तासात ही ताडणीही बसते.

क्लासमध्ये तसा एक तास झाला. मुलं माळा काढत होती, कंट्रोल-एफ करत होती, एकमेकांच्या फायलींतला पूर्णविराम चोरून खोडत होती. शेवटी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, नाहीच जुळलं तर सांगायचं कुणाला?"

मॅडमनी फळ्यावर लिहिलं नाही, बोलून सांगितलं. फाइल उघडायची नाही. नुसता हॅश कॉपी करून व्हायरसटोटल या साइटच्या शोधचौकटीत टाकायचा. ती फाइल आधी कुणी तपासलेली असेल तर बऱ्याच अँटिव्हायरसांचं मत एकदम समोर येतं, आणि आपली फाइल कुणाला द्यावी लागत नाही. तिथे काहीच सापडलं नाही म्हणून ती चांगली ठरत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. मग ज्यांचं सॉफ्टवेअर आहे त्यांना आपला हॅश, फाइल घेतलेली लिंक आणि तारीख कळवायची. मोठा प्रकार वाटला तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेकडे. फाइल चालवून झाली असेल आणि पैसे गेले असतील, तर नेट बंद करून लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन, कारण पहिल्या तासाभरात पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यांत जास्त असते. आणि ती फाइल पुढे कुणालाही पाठवायची नाही, 'बघ रे हे काय आहे' म्हणूनसुद्धा नाही.